तेंदूटोल्यात चोरी निरंक

“चोरी नाही, घरफोडी नाही, दरोडा नाही. पण डोकी मात्र रोज फुटतात. हे कसले लोक आहेत हो, बोपचे?”

साहेबांनी लेझरचा लाल ठिपका पडद्यावरच्या तेंदूटोल्यावर ठेवला आणि तिथेच गरगर फिरवला. हॉलमध्ये जिल्ह्यातले सगळे ठाणेदार बसलेले. सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. जणू ऑफिस सुटल्यावर मीच स्कूटरवर जाऊन तिथली डोकी फोडून येतो.

मी गोंदियाला पोलिसांच्या कचेरीत सांख्यिकी सहायक होतो. म्हणजे गुन्हे मी करत नसे, पकडतही नसे. मोजत असे. इतकी वर्षं मोजले की घरी कुडव्याला बायकोनं “वरणात मिरच्या किती टाकू?” असं विचारलं तरी माझ्या तोंडून “दर लाखामागे?” निघे. तिनं एकदा खरंच लाखाच्या हिशेबानं टाकल्या. तेव्हापासून घरी मोजणं बंद केलं.

ठाण्याचं नाव मी बदललं आहे. तेंदूटोला असं ठाणं नकाशावर शोधू नका. देवरीच्या पुढे, जंगलाच्या कडेला, एवढं पुरे. तिथले लोक मला अजून लग्नाला बोलावतात आणि मला जेवण सोडायचं नाही.

आता साहेबांचा प्रश्न समजायचा तर दोन गोष्टी समजून घ्या. आमच्या धंद्यात गुन्ह्यांच्या दोन मोठ्या पेट्या असतात. एक, शरीराविरुद्धचे गुन्हे: मारहाण, दुखापत, खून. दुसरी, मालमत्तेविरुद्धचे: चोरी, घरफोडी, दरोडा. आणि तुलना करताना नुसता आकडा चालत नाही, दर लागतो. मोठ्या शहरात चोऱ्या जास्त आणि खेड्यात कमी, हे सांगायला सांख्यिकी सहायक कशाला, गाढवही सांगेल. म्हणून गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. मग मुंबई आणि देवरी एका काट्यात तोलता येतात. निदान सरकारला तसं वाटतं. आणि ज्या रकान्यात काहीच नसतं तिथे शून्य लिहायचं नाही. ‘निरंक’ लिहायचं. शून्य लिहिलं तर वरच्या ऑफिसला वाटतं, बाबू लिहायला विसरला.

साहेब म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, पुण्याकडचे. हुशार माणूस. रंगांवर फार जीव. त्यांना एका परिषदेत ‘देशाच्या विविध विभागांतील हिंसक व मालमत्ताविषयक गुन्ह्यांची तुलना’ यावर बोलायचं होतं. किनारपट्टी, पठार, मैदान आणि आमचा झाडीचा मुलूख. देशाचा नकाशा त्यांनी रंगवून ठेवला होता. जास्त गुन्हे तिथे लाल, कमी तिथे हिरवा. तो नकाशा बघून मला घाम फुटला, कारण ज्या भागातले लोक मोबाईलवरून घरबसल्या रपट लिहितात ते सगळे भाग लालभडक, आणि ज्या भागात ठाण्याच्या पायरीवरूनच माणसाला “उद्या या” म्हणतात ते हिरवेगार. त्या नकाशावर विश्वास ठेवून कोणी प्लॉट घेतला असता तर महिन्याभरात अंगावरच्या बनियनसकट लुटला गेला असता.

पण हे मी बोललो नाही. मीटिंगमध्ये सांख्यिकी सहायक बोलत नसतो. तो पंख्याकडे बघतो.

“तेंदूटोला हा अभ्यासाचा विषय आहे,” साहेब म्हणाले. “मारहाणीचा दर जिल्ह्यात सगळ्यात जास्त. चोरीचा सगळ्यात कमी. अख्ख्या वर्षात एक मोटारसायकल. बाकी निरंक. याचा अर्थ काय? प्रामाणिक पण तापट समाज. म्हणून दोन निर्णय. एक, तिथलं चोऱ्या शोधणारं पथक काढून घ्यायचं, त्यांना तिथे काम नाही. दोन, दंगल नियंत्रणाची एक तुकडी तिथे ठेवायची. आणि तुरकर, तुमच्या हद्दीत एवढी मारामारी का, याचं उत्तर द्या. नाही पटलं तर कंट्रोल.”

कंट्रोल म्हणजे कंट्रोल रूम. ठाणेदाराला तिथे ‘जमा’ करतात, हरवलेली छत्री करतात तसं. हाताखाली ठाणं नाही, जीप नाही. फक्त वायरलेसची खरखर.

ठाणेदार तुरकर उभे राहिले. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून त्यांना आयुष्यातलं पहिलं ठाणं मिळालं होतं. मिशीला त्यांनी त्या आनंदात तूप लावायला सुरुवात केली होती. ती मिशी त्या क्षणी दोन्हीकडून खाली आली. मी डोळ्यांनी पाहिली.

“बोपचे,” साहेब म्हणाले, “आठ दिवसांत जाऊन कारणं बघून या. तक्त्यावर सही तुमची आहे.”

दुसऱ्या दिवशी तेंदूटोल्याला पोहोचलो. ठाण्यात लेखनिकाच्या खुर्चीवर हवालदार मडावीबाई बसलेल्या. ठाण्याची रजिस्टरं त्यांच्या ताब्यात आणि ठाणेदारही थोडेफार त्यांच्याच ताब्यात.

“या बाबूजी,” त्या म्हणाल्या. “आमाले मोजाले आले का?”

तुरकर आतून आले. “बोपचे, बायकोले कंट्रोलचं सांगितलं तं ते खुश झाली. मने, आता आपल्या गोंदियाजवळच्या गोरेगाववरून डबा तरी धाडता येईन. घरातच विरोधी पक्ष हाये माहा.”

मी रजिस्टरं मागवली आणि वाचत बसलो. वर्षभराच्या मारामाऱ्या. पन्नास पानं वाचेपर्यंत माझ्याच बरगड्या दुखायला लागल्या. कारणाच्या रकान्यात सगळीकडे एकच: ‘जुना वाद’. जखमा सगळ्या साध्या. दोन टाके, तीन टाके, दंडावर वळ. हत्यार: काठी. काठी. काठी. मुद्देमालाच्या खोलीत, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू ठेवतात तिथे, छतापर्यंत काठ्या. एक ओढली असती तर मी तिथेच गाडला गेलो असतो आणि शरीराविरुद्धच्या रकान्यात आणखी एक वाढला असता.

इथे मला पहिला खडा लागला. खून: निरंक.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. दोन मुलखांची तुलना करताना कशावर विश्वास ठेवायचा? खुनावर. कारण मारहाण लपवता येते, चोरी गिळता येते, प्रेत जेवणाच्या पंगतीत बसवता येत नाही. आणि दुसरा विश्वास मोटारसायकलच्या चोरीवर, कारण पोलिसांचा कागद दाखवल्याशिवाय विमा मिळत नाही. या दोन आकड्यांना फारसं खोटं बोलता येत नाही. बाकीचे आकडे माणसासारखे असतात, समोर कोण बसलंय ते बघून बोलतात. तेंदूटोल्यात मारहाणीचा दर डोंगराएवढा होता तर त्याच्या पायथ्याशी एखादा तरी खून हवा होता. एवढी डोकी फुटतात आणि मरत कोणीच नाही? लोक मोजूनमापून मारत होते.

दुसरा खडा घटनास्थळाच्या रकान्यात. माणसं भांडतात कुठे? चौकात, दारूच्या दुकानापाशी, शेताच्या धुऱ्यावर. इथे काय लिहिलेलं: ‘फिर्यादीचा माळा’, म्हणजे मार खाणाऱ्याच्याच घरचा. ‘फिर्यादीच्या तणसीच्या ढिगात’. ‘फिर्यादीच्या गोठ्यामागे, गवताखाली’. एकदा तर ‘फिर्यादीच्या कोरड्या विहिरीत’. दुसऱ्याच्या विहिरीत उतरून त्याला मारायला कोण जातं? आधी तिथे शिडी न्यावी लागते.

“मडावीबाई,” मी विचारलं, “हे लोक शेजाऱ्याच्या माळ्यावर चढून कायले भांडतात?”

त्यांनी तुरकरांकडे पाहिलं. तुरकरांनी भिंतीकडे.

तेवढ्यात उत्तर स्वतः चालत आलं. दोन माणसं. एकाच्या डोक्याला दुपट्टा बांधलेला, त्यातून रक्त झिरपतंय. दुसऱ्याच्या हातात काठी, ती त्यानं आल्या आल्या टेबलावर नीट ठेवली, जशी आपण चष्म्याची केस ठेवतो. दोघं एकाच मोटारसायकलवरून आले होते. डोकं फुटलेला मागे बसला होता.

काठीवाला दसरू. फुटका फागू. दोघंही शेतकरी, घराला घर लागून.

“हं, बोला,” मडावीबाई म्हणाल्या.

“दसऱ्यानं मले मारलन,” फागू म्हणाला. “लिवा.”

“मारलं जी,” दसरू म्हणाला. “लिवा. काठी आनली हाये.”

मी मध्ये पडलो. “काऊन मारलं?”

“जुना वाद,” दोघं एकदम म्हणाले. शाळेत पाढे म्हणतात तसे.

“किती जुना?”

फागूनं विचार केला. “परवाचा.”

“कुठे मारलं?”

“माह्या माळ्यावर.”

“हा दसरू तुझ्या माळ्यावर काय करत होता?”

दसरू खिडकीबाहेर बघायला लागला. मडावीबाईंनी पेन खाली ठेवलं. “सांगून टाक ना रे बाप्पा. हे बाबूजी पोलीस नाही. मोजनारे होत.”

मग दसरू बोलला. “माही पान्याची मोटर गेली जी. बोडीवरची, लहान्या तलावावरची. धानाले पानी देऊन राहिलो होतो आन रातोरात मोटर गायब. मले मालूम, अशी मोटर याच्याबिगर कोनी उचलत नाही. पाठीचा दांडगा हाये. गेलो याच्या माळ्यावर. तनशीखाली मोटर. हा बी वरतं आला. मंग देल्ली एक.”

“एक नाही, दोन,” फागू म्हणाला. “खोटं कायले बोलतं?”

“दुसरी उतरतानी लागली तुले. ते शिडीची होय.”

मी दसरूला म्हटलं, “अरे पण मग चोरीची रपट लिही ना. तू आरोपी काऊन होऊन राहिला? चोर तर हा आहे.”

दसरूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण शहरातून आलेल्या आणि बैलाला गाय म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघतो.

“बाबूजी, चोरी लिवली का तुमी मोटर ठेवून घेता. मुद्देमाल मनून. खटला होयेपर्यंत ते तुमच्या खोलीत. माह्या बापाची सायकल अशीच ठेवली होती. वापस भेटली तं तिच्यात चिमनीनं घर केलं होतं. मारामारी लिवली का तुमी काठी ठेवता. काठ्या जंगलात लय हाये.”

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कायदा, शेती आणि सांख्यिकी यांचं एवढं सोपं व्याख्यान मी ऐकलं नव्हतं. आणि ते देणाऱ्यावर गुन्हा दाखल होत होता.

“आणि तू?” मी फागूला विचारलं. “तू मोटर चोरलीस, मार खाल्लास, वर फिर्याद घेऊन आलास?”

“मंग? डोकं माहं फुटलं ना जी. मोटर त्याले भेटली, मले का भेटलं? एक कागद तं पाह्यजे.”

म्हणजे हिशेब असा होता. तेंदूटोल्यात वस्तू गेली की मालक ठाण्यात येत नसे. तो माळे, विहिरी, तणसीचे ढीग शोधत फिरे. वस्तू सापडली की घेई आणि चोराला मोजून दोन देई. मग चोर ठाण्यात येऊन फिर्यादी होई आणि मालक आरोपी. गावात नावाचा बोभाटा नाही, मोटर घरी, काठी ठाण्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण मी शाळेत शिकलो होतो. तिचं रजिस्टर असतं हे तिथे कळलं. साहेबांचा ‘प्रामाणिक पण तापट समाज’ जगातल्या कुठल्याही समाजाइतकाच चोरटा होता. फक्त त्याच्या चोऱ्या चुकीच्या पेटीत पडत होत्या.

दोघं गेल्यावर तुरकर खुर्चीत बसले. “आता तुम्ही हे साहेबाले सांगा. ते विचारतील, तुरकर, चोऱ्या काऊन नाही लिहिल्या? मारामारीसाठी कंट्रोल होतं, चोरी दडवल्यासाठी सस्पेन्शन होईन. आन न सांगा तं कंट्रोल हायेच. आगीतून फुफाट्यात.”

“तुम्ही कोणाला हाकललं का?”

“एकालेही नाही. येतच नाही ना कोणी चोरी घेऊन.”

मी तीन कप चहा पिऊन विचार केला. चौथा मडावीबाईंनी दिला नाही.

“सुपूर्तनामा करता येतो ना?” मी म्हणालो.

सुपूर्तनामा म्हणजे असं. जप्त केलेली वस्तू खटला संपेपर्यंत सडवायचीच असा कायदा नाही. फोटो काढायचे, पंचनामा करायचा, कोर्टाचा हुकूम घ्यायचा आणि मालकाकडून ‘बोलावलं की आणून दाखवीन’ असं लिहून घेऊन वस्तू त्याच्या हवाली करायची. सगळ्यांना माहीत असतं. कोणी करत नाही, कारण त्यासाठी कोर्टात माणूस पाठवावा लागतो आणि खोलीला कुलूप लावायला नुसती किल्ली लागते.

“माणूस मी पाठवतो,” तुरकर म्हणाले.

“आन गावात मी सांगतो,” मडावीबाई म्हणाल्या.

त्यांनी गावोगाव आठवडी बाजारात उभं राहून सांगितलं. लाऊडस्पीकर नेला होता, पण तो चालू करायची गरज पडली नाही. वस्तू गेली का त्याच दिवशी या, नाव माहीत नसेल तं अज्ञात लिवू, सापडली का दोन दिवसांत घरी. आणि शेवटी: “उद्यापासून माळे मी सोता तपासनार हाये.” बाईंचा आकार आणि तिथल्या माळ्यांची ताकद, दोन्ही लोकांना ठाऊक. त्या आठवड्यात तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, आपोआप येऊन बसलेल्या वस्तूंची जत्रा भरली. मोटरी, ताडपत्र्या, फवारणीचे पंप, एक शिलाई मशीन. एक शेळी तर स्वतःहून चालत मालकाच्या घरी गेली म्हणतात. शेळीचं मी खात्रीनं सांगत नाही.

साहेबांना मी अहवालात एवढंच लिहिलं: ‘नोंदणीची पद्धत सुधारल्यास दोन्ही दरांत बदल संभवतो. तोवर पथक काढू नये, तुकडी पाठवू नये.’ एवढा गुळगुळीत अहवाल की त्यावर माशी बसली असती तर घसरली असती. साहेबांनी सहा महिने दिले.

सहा महिन्यांनी तेंदूटोल्याचा मारहाणीचा रकाना वाळला आणि चोरीचा रकाना पुरातल्या नाल्यासारखा फुगला. मी आनंदानं तक्ता घेऊन गेलो. साहेबांनी तक्ता पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत पाहिला.

“चोऱ्या कितीपट झाल्या या?”

“साहेब, झाल्या नाहीत. दिसायला लागल्या. दोन्ही रकान्यांची बेरीज करा, जवळपास तेवढीच येते.”

“बेरजेला नकाशात रंग नसतो, बोपचे. मालमत्तेच्या नकाशात माझा जिल्हा लाल झाला. परिषद पुढच्या महिन्यात आहे. तुरकरांची ऑर्डर टाईप करा.”

तर असं. मारामारी होती तेव्हा मारामारीसाठी कंट्रोल. मारामारी थांबवली तर चोरीसाठी कंट्रोल. मी ऑर्डर टाईप केली. माणूस जितका हळू टाईप करू शकतो तितकी हळू. ‘तुरकर’ हे चार अक्षरी नाव मी अर्धा दिवस टाईप करत होतो. आणि मधल्या वेळात मडावीबाईंना फोन केला. फक्त हवापाण्याच्या चौकशीला.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता साहेबांच्या केबिनबाहेर दसरू आणि फागू उभे. मागे तीस-चाळीस माणसं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. सगळे धुतलेले कपडे घालून आलेले, जसे पाहुणपणाला येतात. साहेबांनी दोघांना आत घेतलं. मी फाईल घेऊन कोपऱ्यात.

“काय तक्रार आहे?”

“तक्रार नाही जी,” दसरू म्हणाला. “ठानेदार नेऊन राहिले मनते.”

“तुमच्या भागात चोऱ्या वाढल्यात. तुमच्याच भल्यासाठी बदलतोय.”

“वाढल्या नाही साहेब. आता लिवून राहिलो.” दसरूनं फागूकडे बोट केलं. “याले इचारा. यानंच माही मोटर नेली होती.”

“हाव,” फागू म्हणाला. “मीच नेली होती.”

साहेबांच्या केबिनमध्ये इतक्या अदबीनं कोणी गुन्हा कबूल केला नव्हता. त्यांना क्षणभर बेल वाजवावी की खुर्ची द्यावी, कळेना.

“मग आता म्हणणं काय?”

“म्हननं काही नाही. तुमचा ठानेदार, तुमी न्या. नवा येईन. मोटर ठेवून घेईन. मंग आमी पहिल्यासारखं करू.”

“पहिल्यासारखं म्हणजे?”

फागूनं टोपी काढली, वाकला आणि टेबलावरून डोकं पुढे केलं. टाक्यांची पांढरी रेघ चांगली बोटभर लांब होती.

“म्हंजे असं, साहेब.”

साहेबांनी त्या रेघेकडे पाहिलं. मग बाहेर उभ्या गर्दीकडे. एकेक डोकं मोजत असावेत. मी तर मोजलीच.

“हे सगळे?”

“सारेच,” दसरू म्हणाला. “आमाले हौस नाही जी. पन मोटर तं पाह्यजे.”

ते गेल्यावर साहेबांनी मला विचारलं, “बोपचे, हिंसक गुन्हे यंदा जिल्ह्यात सगळ्यात जास्त कुठे कमी झाले?”

“तेंदूटोल्यात, साहेब.”

“परिषदेत आपण हिंसेवरच बोलू या का?”

“बोलू या ना, साहेब. विषय मोठा आहे.”

ऑर्डर फाडली गेली नाही. सरकारी कागद फाडत नाहीत. ती ‘विचाराधीन’ झाली आणि माझ्या माहितीप्रमाणे अजून विचारातच आहे. साहेबांनी परिषदेत तेंदूटोल्याचा प्रयोग सांगितला. प्रयोग कोणी केला हे सांगायला वेळ पुरला नाही. टाळ्या भरपूर पडल्या. तुरकरांनी ठाण्याची मुदत पुरी केली, मिशी पुन्हा वर गेली, आणि गोरेगावचा डबा काही त्यांना लाभला नाही. फागूनं चोरी सोडली असं म्हणवत नाही, पण मार खाणं सोडलं.

मी रिटायर झालो तेव्हा माझ्या जागी आलेल्या पोरीनं विचारलं, “काका, या तक्त्यावरून सगळ्यात सुरक्षित मुलूख कोणता, हे कसं ओळखायचं?” मी तिला सांगितलं, तक्त्यावरून ओळखू नकोस, ठाण्यात जाऊन बघ. जिथे फिर्यादीला बसायला खुर्ची देतात, तिथला दर नेहमी जास्त असतो. आणि तुझ्या साहेबाला दर खाली आणायचाच असेल, तर सोपं आहे. खुर्ची उचलायची.